क्रूझचे तिकीट आणि गोवराची लस

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : क्रूझ प्रवासाला निघणारी बालके व जहाजांवरील कर्मचारी यांच्या गोवर-रुबेला लसीकरणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच तपासली जाण्याबाबत.

महोदय,

३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेव्हापासून मुंबई, मुरगाव, कोची आणि चेन्नई या बंदरांतून सहकुटुंब समुद्रसफरीला निघणाऱ्यांची संख्या वाढावी, हे शासनाचे जाहीर धोरण आहे. हे धोरण स्वागतार्ह आहे. मात्र ज्या वेगाने धक्के, टर्मिनले आणि जहाजे वाढणार आहेत, त्या वेगाने जहाजावर चढणाऱ्या लहान मुलांच्या लसीकरणाचा विचार वाढलेला दिसत नाही, आणि हा विचार केवळ आरोग्य मंत्रालयाचा मानून बाजूला ठेवता येण्याजोगाही नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्या मंत्रालयाला उद्देशून लिहिण्यात येत आहे.

क्रूझ ही आता नुसती हवापालटाची सफर राहिलेली नाही. मोठ्या क्रीडास्पर्धा, उत्सव आणि सोहळे यांच्यासाठी जहाज हेच वाहन आणि तेच निवासस्थान, अशी पद्धत जगभर रूढ झाली आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी ‘क्वीन मेरी २’ हे जहाज पिरिअस बंदरात तरंगते हॉटेल म्हणून उभे होते, आणि २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी दोहा बंदरात ‘एमएससी वर्ल्ड यूरोपा’सह आणखी जहाजे प्रेक्षकांच्या मुक्कामासाठी आणली गेली. भारतात नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या सफरींना असेच सणाचे रूप आले आहे. अशा प्रवासात माणूस दोनदा गर्दीत मिसळतो. आधी जहाजावरच्या बंदिस्त गर्दीत तो काही दिवस राहतो, नंतर कार्यक्रमाच्या उघड्या गर्दीत उतरतो, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जहाजावरच्या जेवणघरात, नाट्यगृहात आणि मुलांच्या खेळघरात परततो. दोन्ही गर्दींमध्ये अनेक देशांचे लोक असतात, आणि प्रत्येक देशातील बाललसीकरणाची स्थिती वेगळी असते.

जहाजावरील साथ म्हटले की बहुतेकांना उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस किंवा कोविड आठवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली होती, आणि त्या जहाजावरच्या कर्मचारीवर्गात शंभरहून अधिक भारतीय होते. या दोन रोगांच्या अनुभवातून जहाज कंपन्यांनी हात धुणे, पृष्ठभाग पुसणे, आजारी प्रवाशाला खोलीत ठेवणे अशी शिस्त बसवली, ती योग्यच आहे. परंतु गोवराच्या बाबतीत ही शिस्त जवळजवळ निरुपयोगी ठरते. गोवर हा हवेतून पसरणारा विषाणुजन्य रोग असून रोगी निघून गेल्यानंतरही त्याचे विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रोगी सरासरी बारा ते अठरा जणांना बाधित करतो, आणि माहीत असलेल्या सांसर्गिक रोगांपैकी फार थोड्या रोगांना ही मजल गाठता येते. १९९१ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे झालेल्या स्पेशल ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात, छत असलेल्या मैदानात, गोवराची लागण झालेला एक परदेशी खेळाडू उपस्थित होता. पुढे ज्यांना गोवर झाला, त्यांत त्याच्याशी कधीही समोरासमोर न आलेले, मैदानाच्या वरच्या सज्जात बसलेले दोन प्रेक्षक होते. २०१० च्या व्हॅंकूव्हर हिवाळी ऑलिंपिकनंतर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाहेरून आलेल्या विषाणूमुळे ८२ जणांना गोवर झाला. विमानाने आलेल्या प्रेक्षकांच्या बाबतीत हे घडत असेल, तर एकाच छताखाली आठवडाभर राहणाऱ्यांच्या बाबतीत काय घडेल, हे वेगळे सांगावे लागू नये.

यातील खरी अडचण दिवसांच्या हिशेबात आहे, आणि ती नीट ध्यानात घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसू लागेपर्यंतच्या काळाला उबवणकाळ म्हणतात. गोवराचा उबवणकाळ साधारण दहा ते चौदा दिवसांचा असतो आणि क्वचित तो एकवीस दिवसांपर्यंत लांबतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी इतरांना लागण देऊ लागतो, आणि त्या चार दिवसांत त्याला फक्त ताप, सर्दी, खोकला आणि लाल डोळे असतात, म्हणजे प्रवासात कोणत्याही मुलाला होऊ शकेल असेच सारे असते. क्रूझची सफर मात्र बहुधा तीन ते सात रात्रींची असते. पहिल्या रात्री खेळघरात ज्या मुलाला लागण झाली, ते मूल सफर संपताना ठणठणीत दिसते, हसत-खेळत शिडी उतरते, आजीच्या गावी जाते, शाळेत जाते आणि मग आजारी पडते. जहाजाच्या वैद्यकीय नोंदवहीत तोवर काहीही आलेले नसते. बंदरावर उतरताना तापमान मोजणारे यंत्र लावले काय आणि आरोग्याचे घोषणापत्र भरून घेतले काय, या मुलाला ते ओळखू शकत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार बंदर आरोग्य अधिकारी जहाजाला जो मुक्त प्रवेश देतो, म्हणजे संसर्गाचा संशय नसल्याने माणसे व माल उतरवण्याची जी अनुमती देतो, ती जहाजावरच्या त्या दिवसाच्या स्थितीवर आधारलेली असते, आणि गोवराच्या बाबतीत त्या दिवसाची स्थिती फसवी असू शकते.

प्रवासी बदलत राहतात, कर्मचारी मात्र जहाजावरच राहतात. सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर काम करणारे खानसामे, वाढपी, खोल्यांची देखभाल करणारे आणि यंत्रघरातील कामगार एका सफरीतील प्रवाशांकडून घेतलेला संसर्ग पुढच्या सफरीतील प्रवाशांपर्यंत नेऊ शकतात. २०१४ मध्ये पश्चिम भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एका क्रूझवर गोवराची साथ आली तेव्हा बाधितांत कर्मचाऱ्यांचेच प्रमाण मोठे होते. १९९७ मध्ये फ्लोरिडाहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांच्या कर्मचाऱ्यांमध्ये रुबेलाची लागण आढळली होती. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, स्वतः रोग्याला फारसा त्रास देत नाही, परंतु गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत आईला तो झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचे दोष घेऊन जन्माला यावे लागू शकते. ज्या वाढप्याला रुबेला झाल्याचा पत्ताही लागत नाही, त्याने मेजावर ठेवलेल्या ताटासमोर एखादी गर्भवती बसलेली असू शकते. या कर्मचाऱ्यांत गोव्याच्या सासष्टी-बार्देशातले आणि कोकण किनाऱ्यावरचे असंख्य तरुण आहेत, त्यांच्या पगारावर गावाकडची घरे चालतात, आणि एखाद्या बंदरात जहाज अडकवून ठेवले गेले तर त्याची पहिली झळ त्यांनाच बसते. एप्रिल २०१९ च्या अखेरीस ‘फ्रीविंड्स’ नावाच्या जहाजावरील एका कर्मचाऱ्याला गोवर झाल्याचे कळताच सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाने जहाजावरच्या सुमारे तीनशे जणांना किनाऱ्यावर उतरण्यास मनाई केली होती. हे कर्मचारी बालपणीच लस घेतलेले असते, तर यातले बहुतेक टळले असते.

समुद्रमार्गाने आलेला गोवर एखाद्या मोठ्या मेळाव्यात शिरला तर काय होते, याचे फिजीइतके भीषण उदाहरण दुसरे नाही. ऑक्टोबर १८७४ मध्ये फिजी बेटे ब्रिटिशांच्या स्वाधीन झाल्यावर तिथला राजा राटू सेरू थाकोम्बाऊ आपल्या मुलांसह सिडनीला गेला, आणि जानेवारी १८७५ मध्ये ‘एचएमएस डिडो’ या युद्धनौकेतून परतला. प्रवासात राजघराण्यात गोवर शिरलेला होता. तरीही लेवुका बंदरात जहाज अलग ठेवले गेले नाही, राजाच्या स्वागताला आणि नव्या राज्यव्यवस्थेची माहिती घ्यायला बेटाबेटांवरचे सरदार जमले, आणि तो सोहळा आटोपून ते आपापल्या डोंगरांत व खेड्यांत परतले. त्यानंतरच्या काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा, मृत्यू पावली, कारण त्या बेटांवर गोवर पूर्वी कधी आलाच नव्हता आणि लहान-थोर कोणाच्याही अंगी प्रतिकारशक्ती नव्हती. चार वर्षांनी, मे १८७९ मध्ये, गिरमिट म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे पहिले जहाज ‘लिओनिडास’ फिजीला पोहोचले. त्यावर देवी आणि पटकी यांचे रोगी आढळले, आणि या वेळी मजुरांना यानुथा लाइलाइ या बेटावर अलग ठेवण्यात आले. पहिल्या वेळचा हलगर्जीपणा आणि दुसऱ्या वेळची खबरदारी यांच्यामध्ये चाळीस हजार मृत्यू उभे आहेत. नियम मरणानंतर सुचतात, ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील फार जुनी आणि फार दुःखद रीत आहे.

याच समुद्रावरून लसही आली, हेही आपल्या मंत्रालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एडवर्ड जेन्नर याने शोधलेली देवीची लस बगदाद-बसरा मार्गाने जहाजातून मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. शीतगृहे नसलेल्या त्या काळात एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर लस चढवली जात असे, आणि मुंबईच्या या मुलीपासून पुढे भारतभर ती तशीच पसरली. १८०३ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस यांनी ‘मारिया पिता’ या जहाजातून बावीस अनाथ मुलांना बरोबर घेऊन अमेरिका खंडाकडे प्रस्थान ठेवले, ते यासाठीच की मुलांच्या दंडांवर लस जिवंत राहावी. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते, आणि आजच्या नीतिकल्पनांनुसार तो प्रकार मान्य होणार नाही. लस समुद्रापार नेण्याचे ओझे मात्र पहिल्यांदा मुलांनीच वाहिले, एवढे खरे.

आज तेवढे कष्ट कोणालाच पडत नाहीत. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मोफत दिली जाते. अंगणवाडीतील लसीकरण सत्राच्या दिवशी परिचारिका बर्फाच्या चार पिशव्या घातलेल्या पेटीतून ही लस काढते, कुपीच्या टोपणावरील वर्तुळातला चौकोन बघते, कारण तो चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर लस उष्णतेने निकामी झालेली असते, मग कोरड्या भुकटीत द्रावण मिसळते, मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिते आणि चार तासांत ती संपली नाही तर उरलेली लस वापरत नाही. बाळाच्या उजव्या दंडाला टोचून झाले की माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख पडते, आणि आता यू-विन या शासकीय प्रणालीतही नोंद होते. एक मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के आणि दोन मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोकांना गोवरापासून संरक्षण मिळते. समाजातील ९५ टक्के लोक दोन्ही मात्रा घेतलेले असले की विषाणूला पुढे जायला माणूस मिळत नाही, आणि लस न घेता येण्याइतकी लहान वा दुबळी मुलेही त्या आडोशाला सुरक्षित राहतात. ही सामूहिक प्रतिकारशक्ती समुद्रकिनाऱ्यावर तयार होत नाही, ती अंगणवाडीत तयार होते, आणि टर्मिनलवरच्या कोणत्याही तपासणीला तिची सर येत नाही.

ही साखळी तुटली की काय होते, ते मुंबईने २०२२ च्या अखेरीस पाहिले. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते, आणि गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरून मुले दगावली. तेव्हा केंद्राने बाधित भागांतील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा मात्रा द्यायला आणि जिथे नऊ महिन्यांखालील बालकांतही रोगाचे प्रमाण मोठे होते तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना ‘शून्य मात्रा’ द्यायला सांगितले. शून्य मात्रा म्हणजे वेळापत्रकात न मोजली जाणारी, केवळ तातडीच्या संरक्षणासाठी दिलेली मात्रा, जिच्यानंतरही नियमित दोन मात्रा घ्याव्याच लागतात. क्रूझच्या संदर्भात या शून्य मात्रेला विशेष महत्त्व आहे. अनेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांच्या बाळाला जहाजावर घेतात, परंतु त्याची पहिली नियमित मात्रा नऊ महिने पूर्ण होईपर्यंत दिली जात नाही. मधल्या काळात आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये ओसरत असतात, आणि जहाजावर सर्वांत असुरक्षित प्रवासी कोण असेल तर ते हेच बाळ. आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना अमेरिकेत अशी आगाऊ मात्रा देण्याचा सल्ला दिला जातो. २०२५ मध्ये त्याच देशात दोन हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला, शेजारच्या कॅनडाने त्याच वर्षी गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला, आणि मेक्सिकोतही मोठी साथ आली. २०२६ चा फुटबॉल विश्वचषक नेमका याच तीन देशांत ठरलेला आहे, हे त्या दिशेने निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी विसरू नये.

लशीविषयीच्या शंकांचा येथे थोडक्यात उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण क्रूझचे तिकीट परवडणाऱ्या सुशिक्षित घरांतच त्या अधिक फिरतात. या लशीमुळे स्वमग्नता येते, हा दावा ज्या १९९८ च्या लेखातून पसरला, तो लेख ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच्या मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. गोवर हे ‘होऊन जाणारे’ बालपणीचे दुखणे आहे, ही समजूतही तितकीच घातक आहे. २०२३ मध्ये जगभरात एक लाखाहून अधिक लोक गोवराने मरण पावले आणि त्यांत बहुतांश पाच वर्षांखालची मुले होती. जी मुले वाचतात, त्यांच्या शरीरातील इतर रोगांविरुद्धची प्रतिद्रव्येही गोवर मोठ्या प्रमाणात पुसून टाकतो, असे २०१९ मध्ये सिद्ध झाले आहे, म्हणजे मूल बरे होऊन घरी आले तरी न्युमोनिया आणि जुलाबांपुढे ते पूर्वीपेक्षा उघडे पडलेले असते.

प्रवासाला लशीची अट घालणे हे काही नवे किंवा जाचक नाही. पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे त्या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. १९८७ मध्ये हज यात्रेत मेंदूज्वराची साथ आल्यानंतर सौदी अरेबियाने यात्रेकरूंना त्यावरील लस सक्तीची केली, आणि ज्या मुंबईहून १९९५ पर्यंत यात्रेकरू जहाजाने जेद्दाला जात, त्याच मुंबईसह राज्यभर दरवर्षी यात्रेपूर्वी लसीकरणाची शिबिरे भरतात. लक्षावधी सामान्य यात्रेकरू, त्यांतले कित्येक अल्पशिक्षित आणि वृद्ध, ही अट निमूटपणे पाळतात. सुखासाठी क्रूझवर जाणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या कार्डावरच्या दोन तारखा दाखवणे कठीण वाटावे, याचे समर्थन होऊ शकत नाही.

म्हणून आपल्या मंत्रालयाने आरोग्य मंत्रालयाच्या सल्ल्याने भारतीय बंदरांतून सुटणाऱ्या सर्व क्रूझ कंपन्यांना असा निर्देश द्यावा की, मुलांच्या गोवर-रुबेला मात्रांच्या तारखा तिकीट काढतानाच घेतल्या जाव्यात. लस घेतल्यावर संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे शिडीपाशी केलेली तपासणी उशिराची ठरते, आणि आरक्षणाच्या वेळी उणीव कळली तर पालकांना जवळच्या केंद्रात जाऊन ती भरून काढायला वेळ मिळतो. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसाठी आगाऊ मात्रेचा सल्ला लेखी दिला जावा. ज्या मुलांना वैद्यकीय कारणाने जिवंत विषाणूची लस देता येत नाही, त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट असावी, कारण अशी मुले इतरांच्या लसीकरणावरच विसंबून असतात. कर्मचाऱ्यांची भरती करणाऱ्या परवानाधारक संस्थांनी नियुक्तीपूर्व वैद्यकीय तपासणीत दोन मात्रांचा पुरावा किंवा प्रतिद्रव्यांची चाचणी मागावी, मात्र तिचा आणि लशीचा खर्च कंपनीने सोसावा, तो खलाशाच्या खिशातून जाऊ नये, आणि पुरावा नसलेल्याला घरी न पाठवता लस द्यावी. जहाजावरच्या दवाखान्यातील शीतपेटीत गोवर-रुबेलाची लस असावी, कारण रोग्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिलेली लस बऱ्याचदा रोग टाळते, आणि समुद्रात असताना तेवढा वेळ किनारा गाठण्यातच निघून जाऊ शकतो. सफर संपल्यानंतर एकवीस दिवस प्रवाशांचे संपर्कक्रमांक बंदर आरोग्य अधिकाऱ्याला उपलब्ध असावेत, म्हणजे नाशकात किंवा मडगावात आजारी पडलेल्या मुलामागे त्याच्या सहप्रवाशांना वेळेत सावध करता येईल.

आरक्षणाच्या अर्जात मुलाच्या जन्मतारखेचा रकाना आजही असतो. त्याच्या शेजारी गोवर-रुबेलाच्या दोन तारखांचे दोन रकाने घालण्याचे परिपत्रक मंत्रालयाने येत्या हंगामाची तिकिटे विक्रीला येण्याआधी काढावे, अशी आग्रहाची विनंती आहे.